नव्याच्या डाळीतलं मीठ

आमच्या घरात नव्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो.

शेतातलं पहिलं हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात कापून घरात आलं की त्याचा भात शिजवून आधी कणसरीपुढे, म्हणजे धान्याच्या देवीपुढे, आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं ठेवायचा आणि मग घरच्यांनी खायचा. या दिवसाला आम्ही 'नवं' म्हणतो. तो बहुधा दसऱ्याच्या आगेमागे येतो. तोवर नव्या तांदळाचा दाणा कोणी तोंडात टाकत नाही. त्या दिवशी चुलीवर जे शिजतं त्यातलं काहीच नैवेद्य दाखवेपर्यंत जिभेला लावायचं नाही. भात, उडदाची डाळ, चवळीच्या शेंगा, काकडी किसून तांदळाच्या पिठात घालून पानात उकडलेलं सावेलं, सगळ्याला हाच नियम. मीठ कमी पडलं की जास्त झालं हे जेवायला बसल्यावर कळतं, आणि तेव्हा काही करता येत नाही. म्हणून त्या दिवशी चुलीपुढे कोण बसणार, याला घरात महत्त्व आहे.

आमच्या गावी, साखरशेतच्या घरी, आजी गेल्यापासून, मोठी आई बसते. मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको.

जव्हार-मोखाड्याचं नाव वर्तमानपत्रात येतं ते बहुतेक वेळा कुपोषणाच्या बातमीत. तिथलं वावर नावाचं गाव बाहेरच्या लोकांना केवळ तेवढ्यासाठी माहीत आहे. त्या बातम्या खऱ्या होत्या आणि त्या लिहायलाच हव्या होत्या. पण इथली माणसं काय शिजवतात, कसं शिजवतात आणि त्यावरून एकमेकींशी कशा भांडतात, याला वर्तमानपत्रात जागा मिळत नाही. वृत्तपत्राच्या डेस्कवर इतकी वर्षं काढल्यावर ही हकीकत मी इथं लिहून ठेवते आहे. यातलं काही मी पाहिलं, बाकीचं आईकडून आणि मोठ्या आईकडून ऐकलं. दोघींच्या सांगण्यात जिथं फरक आहे तिथं तसं नमूद केलं आहे.

नव्याच्या जेवणात भाताइतकाच मान उडदाच्या डाळीला असतो. काळे उडीद खापरीत भाजायचे, जात्यावर भरडायचे, पाखडून साल काढायचं आणि लसूण-मिरची घालून ती भरड पातळ शिजवायची. फोडणी नाही, मसाला नाही. उडीद कमी भाजले तर डाळ चिकट होते, जास्त भाजले तर कडू. नागलीची भाकर मोडून या डाळीत बुडवली की दुसरं काही लागत नाही. मोठी आई ही डाळ कधीच चाखून करत नसे, नव्याला नाही आणि एरवीही नाही. नव्याला नियम होता. एरवी तिला त्याचा अभिमान होता. चाखणारी बाई म्हणजे तिच्या मते शिकाऊ बाई.

ती सगळं नाकावर करायची. उडीद कधी उतरवायचे, भात कधी लागायला आलाय, डाळीत मीठ पुरलं का, हे तिला वासावरून कळे. गावात कोणाच्या चुलीवर भाकर करपते आहे हे ती अंगणात बसून सांगे. माझे वडील तहसील कार्यालयात कारकून होते. ते सुट्टीला गावी येताना जव्हारच्या स्टँडवर भजी खाऊन येत. उंबऱ्यात पाऊल ठेवताच मोठी आई विचारायची की भावजी, कांदाभजी होती की बटाटा. वडील नेहमी नाही म्हणत, आणि नेहमी पकडले जात.

माझी आई तिची धाकटी जाऊ. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. नोकरीमुळे आमचं घर जव्हारला झालं आणि आई गावच्या चुलीवर पाहुणीच राहिली. नव्याला ती सकाळी पोचायची आणि मोठी आई तिच्या हातात चवळीच्या शेंगा द्यायची. इतक्या वर्षांत तिला शेंगा मोडण्यापलीकडे बढती मिळाली नाही. मोठी आई तिला नावानं हाक मारत नाही. 'मास्तरीण' म्हणते. त्यात किती कौतुक आणि किती टोमणा, हे त्या वेळच्या आवाजावर ठरतं. आईच्या शाळेत नियम उलटा होता. पोरांच्या ताटात खिचडी पडण्याआधी ती शिक्षकानं चाखायचीच. शाळेत खिचडी सुरू झाल्यापासून आई रोज चाखत आली. मोठ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हनून मास्तर लोक जाडे."

गेल्या वर्षी आषाढात मोठ्या आईला ताप आला. आठवड्यात उतरला. नंतर ती पहिल्यासारखी शेतात जाऊ लागली, आवणीला, म्हणजे भातलावणीला, चिखलात उभी राहिली. कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

गौरीच्या दिवसांत घरी पाहुणे होते. त्या दिवशीची डाळ इतकी खारट झाली की लोक भाकरीऐवजी भातावर भात घेत राहिले. चुलत भावाची बायको, म्हणजे मोठ्या आईची सून, मोखाड्याकडची आहे. तिला मी वहिनी म्हणते आणि ती सासूला मामी म्हणते. घराचा रोजचा सगळा भार तिच्यावर आहे आणि जीभ तिखट आहे. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "मामी, या वर्षी मीठ फुकट वाटलं का कोणी?" सगळे हसले. मोठी आईही हसली.

हसणं झाल्यावर वहिनीनं एक गोष्ट सुचवली. नव्याला देवापुरतं एका लहान टोपात वेगळं शिजवावं, ते चाखू नये. बाकीचं मोठ्या टोपात करावं आणि चाखून करावं. आता ठाण्याहून, वसईहून माणसं येतात, त्यांना पोटभर जेवता आलं पाहिजे. आणि या वर्षी चुलीपुढे ती स्वतः बसेल, मामीनं आराम करावा. सूचनेत गैर काहीच नव्हतं. घरातल्या पुरुषांना ती पटलीही. मोठी आई एवढंच म्हणाली की बघू. पण त्या रात्री ती जेवली नाही, असं वहिनीनंच नंतर मला सांगितलं.

त्यानंतर काही दिवसांनी गुडघा दाखवायला मोठी आई जव्हारला आमच्याकडे आली. एका सकाळी आई भाजी घेऊन बाजारातून परतली तर बाहेरच्या खोलीपर्यंत गॅसचा वास भरला होता. मोठी आई शेगडीशेजारी पाटावर बसून शांतपणे मेथी निवडत होती. शेगडीचं बटण अर्धवट उघडं होतं. आईनं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, तिला हाताला धरून अंगणात आणलं आणि विचारलं की वास आला नाही का. मोठी आई म्हणाली, सर्दी झाली आहे.

आईनं निवृत्त शिक्षकाला शोभेल असंच केलं. तिनं परीक्षा घेतली. मोठ्या आईला डोळे मिटायला लावले आणि एकेक डबा नाकाखाली धरला. लसूण ओळखता आला नाही. हिंग ओळखता आला नाही. सुक्या जवळ्याचा डबा, जो उघडला की शेजारची मांजर भिंतीवर येऊन बसते, तो धरला तेव्हा मोठी आई थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "हळद."

आई सांगते की तेव्हा ती डबा बाजूला ठेवून नुसती खाली बसली. मोठी आई म्हणते की तसं काही नाही, मास्तरीण रडली.

मग मोठ्या आईनं डोळे उघडले आणि म्हणाली, "कोनला सांगू नको. नवं होऊ दे. मंग काय, शाळेची घंटा वाजवून सांग."

आईनं तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की तापानंतर काही जणांचं असं होतं, हळूहळू वास परत येऊ शकतो, न येण्याचीही शक्यता आहे. जीभ ठीक होती. आईनं घरी येऊन तीही तपासली. मीठ, साखर, चिंच, कारलं, सगळं बरोबर आलं. मग आई म्हणाली की यात अवघड काय आहे, डाळ चाखून करायची. यावर मोठी आई संध्याकाळच्या चहापर्यंत तिच्याशी बोलली नाही. चहा पिऊन झाल्यावर बोलली ते असं, की आजवर जे जिभेला लावलं नाही ते आता नाक गेलं म्हणून लावायचं, तर मग आजवरचं सगळं नाकाचंच होतं, नियमाचं नव्हतं असं होईल. आणि सून म्हणते तसं दोन टोपात केलं तर चुलीपुढे सूनच बसेल, आपल्याला पंख्याखाली खुर्ची मिळेल.

तिला खुर्ची नको होती. तिला हे एक नवं हवं होतं. पुढचं पुढे.

यातून दोघींनी जो मार्ग काढला त्यात आईनं मोठ्या आईचं नाक व्हायचं होतं. आईनं चुलीच्या आसपास राहायचं, वास घ्यायचा आणि खूण करायची. यात धर्माचा एक प्रश्न निघाला. नैवेद्याचं चाखायचं नाही तसं हुंगायचंही नाही. टोपावर वाकून वास घेतला तर ते उष्टं. मोठ्या आईनं त्यावर विचार करून निकाल दिला.

"आलेला वास चालतो. घेतलेला नाय चालत."

म्हणून आईनं टोपाजवळ जायचं नाही, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं असं ठरलं.

गुडघ्याचं औषध संपेपर्यंत मोठी आई जव्हारला राहिली आणि रोज आईची शिकवणी घेतली. त्या काळात मी ठाण्याहून शनिवार-रविवारी घरी जायची तेव्हा दोन्ही वेळच्या जेवणात उडदाची डाळ असायची. वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं की रेशनवर उडीद आले आहेत का. दोघींना गुपित मला सांगावं लागलं, कारण घरात भाजणीचा एवढा धूर होता की न सांगून चाललं नसतं. वडिलांना मात्र सांगितलं नाही. त्यांच्या पोटात काही राहत नाही असं मोठ्या आईचं मत होतं, आणि भज्यांच्या बाबतीत तिनं ते सिद्ध केलेलं होतं.

शिकवणी पाहण्यासारखी असायची. मोठी आई शेगडीपुढे खापरीत उडीद हलवायची. आई दारात उभी राहून वास सांगायची. उडीद आधी ओल्या पोत्यासारखे येतात, मग कच्च्या पिठासारखे, मग शेंगदाण्यासारखे. आई म्हणायची, शेंगदाणे. मोठी आई विचारायची, कसले शेंगदाणे, भट्टीचे का घरचे? आई म्हणायची, शेंगदाणे ते शेंगदाणे. मग मोठी आई खापरी उतरवून दाणे बघायची आणि निकाल सांगायची.

"नापास. परत ये उद्या."

आईनं आयुष्यभर दुसऱ्यांना गुण दिले होते. तिला हे झोंबायचं, पण ती दुसऱ्या दिवशी पदर खोचून दारात उभी असायची. शेंगदाण्यानंतर एक वास येतो, वाळल्या खोबऱ्याची वाटी उन्हात तापल्यासारखा, आणि तो आला की लगेच उतरवायचं. हा वास आईला शेवटी सापडला. सापडला तेव्हा तिनं दारातूनच टाळी वाजवली. मोठ्या आईनं दाणा दोन बोटांत चिरडून पाहिला आणि काही बोलली नाही, म्हणजे पास.

मिठाचं मात्र जमलं नाही. मोठी आई म्हणायची की मिठाला वास नसतो, पण उकळत्या डाळीत मीठ पुरतं पडलं की लसूण वर येतो. आई कितीदा तरी उभी राहिली. तिला लसूण सुरुवातीपासूनच वर वाटायचा. तिनं प्रामाणिकपणे सांगितलं की हे तिच्यानं होणार नाही. मोठ्या आईनं आपल्या हाताच्या अंदाजावर भरवसा ठेवायचं ठरवलं. पण गौरीला हाच हात फसला होता. म्हणून मीठ एकदम न टाकता थोडं थोडं टाकायचं आणि आईला काहीही बदल जाणवला तर तिनं विचारायचं, "पाणी ठेवू का?" ही थांबण्याची खूण.

नव्याच्या दिवशी पहाटेच आम्ही साखरशेतला पोचलो. वहिनीनं चूल सारवून ठेवली होती. आज कोण बसणार हा विषय कोणी काढला नाही. मोठी आई आंघोळ करून आली आणि सरळ चुलीपुढे बसली. वहिनीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काकडी किसायला घेतली. चवळीच्या शेंगा त्या दिवशी माझ्या वाट्याला आल्या, कारण आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि हलत नव्हती.

हे सगळ्यांच्या नजरेत आलं. या दोन जावा एका चुलीपाशी इतका वेळ न भांडता उभ्या राहिल्याचं कोणाला आठवत नव्हतं. थोरल्या काकांनी ओटीवर वडिलांना हळूच विचारलं की या दोघींचं जमिनीचं काही चाललं आहे का. शेत दोघा भावांचं अजून एकत्र आहे. वडिलांनी येऊन मला विचारलं. मी म्हटलं, स्वयंपाक चाललाय. त्यांनी जाऊन काकांना सांगितलं, "पोरीला ठाऊक आहे, पण बोलत नाही." त्यानंतर दोघेही आळीपाळीनं पाणी प्यायच्या निमित्तानं आत येऊन जात होते.

उडीद भाजून झाले. खोबऱ्याच्या वासाला आईनं खूण केली, खापरी उतरली, दाणे एकसारखे निघाले. जात्यावर भरड झाली, साल पाखडलं, डाळ चुलीवर चढली. इथवर काही चुकलं नाही. मोठ्या आईच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला आणि ती आईला म्हणालीसुद्धा की उभी काय राहिलीस खांबासारखी, टेक जरा. आई टेकली नाही.

डाळ उकळायला लागली आणि मोठ्या आईनं मिठाची पहिली मूठ टाकली. त्याच वेळी वहिनीनं कणगीपाशी देवीची जागा मांडली आणि उदबत्त्या लावल्या. तिला लवकर आवरायचं होतं, पाहुणे यायला लागले होते. ठाण्याहून कोणी आणलेल्या मोगऱ्याच्या उदबत्त्या होत्या, चांगल्या भरभक्कम. धूर थेट स्वयंपाकघरात आला. आईला मोगऱ्याशिवाय काही येईना. मोठ्या आईनं दुसरी मूठ टाकली, तिसरी उचलली आणि आईकडे पाहिलं. आईला गौरीची डाळ आठवली. ती घाईनं म्हणाली, "पाणी ठेवू का?"

मोठ्या आईनं तिसरी मूठ परत मिठाच्या भांड्यात टाकली.

नैवेद्य दाखवला. एक पान कणसरीपुढे, एक गेलेल्या माणसांच्या नावानं. नव्याला आमच्याकडे बायका-पुरुष सगळे एकाच वेळी बसतात. ओटीवर आणि आतल्या खोलीत पळसाच्या पत्रावळींच्या रांगा लागल्या. पहिला घास थोरल्या काकांनी घ्यायचा आणि 'गोड झालं' म्हणायचं, मग बाकीच्यांनी सुरू करायचं. काकांनी भातावर डाळ घेतली, घास घेतला आणि गिळला. मग दुसरा घेतला. 'गोड झालं' म्हणाले. सगळ्यांनी हात घातले, आणि रांगेतला आवाज हळूहळू कमी झाला. डाळ अळणी होती. थोडीबहुत नाही, चांगली अळणी होती.

कोणी काही बोललं नसतं. पण वडिलांना राहवलं नाही. ते म्हणाले की आज दारात मास्तरीण उभी होती ना, म्हणून शाळेच्या खिचडीची चव आली. आईची चेष्टा करणं हा त्यांचा रोजचा परिपाठ आहे, त्यात वाईट हेतू नसतो. लोक हसले. वसईहून आलेला वडिलांचा एक भाचा म्हणाला, "धाकट्या मामी, निवृत्त झालात ना? मग पोषण आहार कशाला?" पुन्हा हसणं झालं. आईनं मान खाली घालून भात कालवला. ती सहज सांगू शकली असती. तिनं शब्द दिला होता.

मोठ्या आईनं तोवर घास घेतला नव्हता. आता घेतला. तिच्या जिभेला मीठ कळत होतं. घास गिळून तिनं हात पत्रावळीवर टेकवला आणि ओटीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिला काय बोलू नका. मीठ मी घातलंय. मला वास येत नाय. आषाढात ताप आला तवापासून कशाचाच येत नाय."

वाढणाऱ्या पोरीसुद्धा होत्या तिथं थांबल्या. भाच्याचा घास हातातच राहिला. वडिलांनी आईकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे.

पहिले बोलले ते थोरले काका. "मला ठावं होतं," ते म्हणाले.

मोठ्या आईनं त्यांच्याकडे पाहिलं.

"आषाढापासून मी घरात बिडी ओढतो," काका म्हणाले. "तू एकदा पन बोलली नाय."

काकांनी बिडी ओढायची ती अंगणापलीकडच्या फणसाखाली, असा लग्नापासूनचा दंडक होता, आणि एकदाही न चुकता तो तिनं नाकाच्या जोरावर पाळून घेतला होता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मोठ्या आईनं विचारलं, घरात म्हणजे कुठं. काका म्हणाले, माळ्यावर. तिनं विचारलं, "आन् गोधडीवर?" काका भाताकडे वळले. मग जे हसणं सुरू झालं ते बराच वेळ थांबलं नाही. त्यात मोठी आईही होती. पण ती हसत असताना तिचे डोळे पुसायला वहिनी उठली हे मी पाहिलं.

वहिनी हसत नव्हती. ती सासूच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मामी, गौरीला मी सगळ्यांदेखत बोलले. मला का नाही सांगितलंत?"

"खारट व्हती. हसायचीच," मोठी आई म्हणाली. "सांगितलं असतं तर तू चुलीपाशी येऊ दिली असतीस?"

वहिनीनं थोडा विचार केला. ती खोटं बोलणारी नाही. म्हणाली, "नसतं दिलं."

"मंग."

पंगत पुन्हा हलायला लागली होती. मग मोठ्या आईनंच सौदा मांडला. पुढच्या वर्षी दोन टोपांत होऊ दे. देवाच्या टोपात सूनबाईनं मीठ घालावं, तिचं नाक आणि तिचा हात. मोठ्या टोपाचं मीठ आपण घालणार, आणि चाखून घालणार. खुर्चीवर बसणार नाही, पाटावरच बसणार. वहिनी म्हणाली की पाट दोन ठेवू. आणि उडीद भाजताना कोण सांगणार, असं तिनं विचारलं तेव्हा मोठ्या आईनं दारापलीकडे बसलेल्या माझ्या आईकडे हनुवटी केली.

"ती पास झालीय त्यात. खोबऱ्याचा वास कळतो तिला. मिठातच नापास."

आता डाळीचं करायचं काय, हा प्रश्न होता. नव्याला आमच्याकडे वरून मीठ वाढायची पद्धत नाही. पण नैवेद्य होऊन गेला होता, त्यामुळे मनाईही नव्हती. आजवर तशी वेळच आली नव्हती, एवढंच. वहिनी मिठाचं भांडं आणायला गेली तर मोठ्या आईनं ते तिच्या हातातून घेतलं. गुडघ्यावर हात ठेवून ती उठली आणि रांगेच्या टोकापासून वाढत निघाली.

तिनं कोणाला किती हवं ते विचारलं नाही. माझ्या वडिलांना रक्तदाब आहे, त्यांना अर्धी चिमूट टाकली आणि भावजी, तेवढंच, असं बजावलं. भाच्याला भरपूर दिलं, तो लहानपणापासून खारट खातो. माझ्या पत्रावळीवर जेवढं पडलं तेवढं मी स्वतः घेतलं असतं. एका तान्ह्या बाळाच्या आईला तिनं मीठ कमी टाकलं आणि तुपाची वाटी वाढायला सांगितली. थोरल्या काकांपुढे ती क्षणभर उभी राहिली, नावापुरते चार कण टाकले आणि म्हणाली, "बिडीवाल्याला एवढंच. आन् गोधडी उद्या तूच धुवायची."

लोक डाळीत मीठ कालवत होते. रांगेचा आवाज पुन्हा चढत गेला. कोणीतरी भाकर मागितली, कोणीतरी डाळ. ओटीवरून टोप पुढे पाठवा अशी हाक आली.

सगळ्यात शेवटी ती माझ्या आईपाशी आली. आईच्या पत्रावळीवरचा भात तसाच होता. मोठी आई वाकली, मोठी चिमूट भरून मीठ टाकलं आणि शेजारच्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिला थोडं जास्त. हिला अजून कळत नाय."

आई म्हणाली, "ताई, अजून थोडं घाला."

मोठ्या आईनं अजून थोडं घातलं. मग आईच्या शेजारची पत्रावळ सरकवली, पाय लांब करून तिथंच बसली आणि आईच्याच पानात जेवली.